शेपटी मेदाची, डोकं डीएनएचं

क्षयाचा जिवाणू माणसाच्या फुप्फुसात शिरला की त्याला गिळायला आधी धावतात त्या महाभक्षक पेशी. गिळलेल्या जिवाणूला पेशी एका पिशवीत कोंडते, पिशवीत आम्ल भरते आणि आम्लातच काम करणाऱ्या विकरांकडून त्याची चिरफाड करवते. बहुतेक जिवाणूंचा निकाल इथेच लागतो. क्षयाचा जिवाणू मात्र तगून राहतो. त्याच्या या चिवटपणाची कारणं अनेक आहेत आणि त्यांतल्या एकाचा धागा २०१४ मध्ये हाती आला. बोस्टनमधल्या ब्रँच मूडी यांच्या गटाला या जिवाणूच्या मेदद्रव्यांत एक चमत्कारिक रेणू सापडला. त्याच्या एका टोकाला अ‍ॅडेनोसिन होतं, म्हणजे आरएनएच्या चार घटकांपैकी एक, आणि त्यालाच वीस कार्बनची तेलकट शेपटी जोडलेली होती. जिवाणूच्या एकूण मेदात या रेणूचा वाटा एक टक्क्याहून जास्त भरला, म्हणजे हा काही चुकून बनलेला कचरा नव्हता. नाव ठेवलं गेलं ट्युबरक्युलोसिनिल अ‍ॅडेनोसिन. २०१९ मध्ये त्याचं कामही कळलं. शेपटीमुळे तो पिशवीच्या पटलातून सहज आत शिरतो, आतलं आम्ल पिऊन घेतो, त्यामुळे विद्युतभारित होतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. पिशवी फुगते, तिच्यातलं आम्ल मरतं, विकरं निकामी होतात. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला अँटासिड म्हटलं.

अशा रेणूंना न्यूक्लिओलिपिड म्हणतात. डोक्याशी न्यूक्लिक आम्लातला एखादा बेस असतो: अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन किंवा युरॅसिल. त्याच्यासोबत बहुधा शर्करा, कधी फॉस्फेटही, आणि मागे मेदाच्या एक किंवा दोन साखळ्या. निसर्गात हे मोजकेच आढळतात. आपल्या पेशींत सायटिडिन डायफॉस्फेट डायअसिलग्लिसेरॉल नावाचा एक असतो. मायटोकाँड्रियाला लागणारं कार्डिओलिपिन त्याच्यापासून बनतं, पण तो तयार होतो न होतो तोच खर्ची पडतो, त्यामुळे शोधायला गेलं तर जेमतेम हाती लागतो. मेद बनवण्यात सायटिडिनचा, म्हणजे शर्करा जोडलेल्या सायटोसिनचा, हात असतो हेही मुळात भेसळीमुळे कळलं. १९५० च्या दशकात शिकागोत युजीन केनेडी पेशीत लेसिथिन हा मेद कसा बनतो ते तपासत होते. शुद्ध स्फटिकरूप एटीपी घातलं की प्रयोग अडायचा आणि कमी शुद्ध घातलं की चालायचा. त्या अशुद्ध मालात सायटिडिन ट्रायफॉस्फेट मिसळलेलं होतं आणि खरं काम तेच करत होतं. केनेडी आणि सॅम्युअल वाइस यांनी १९५६ मध्ये हे मांडलं.

निसर्गाने हात आखडता घेतला तरी प्रयोगशाळांनी घेतला नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जपान, जर्मनी, इटली, फ्रान्स, चीन इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी असे शेकडो रेणू घडवले. त्यांना औषधाची ओढ होती, तशीच एका कल्पनेचीही. मेदाचे रेणू पाण्यात सोडले की ते कुणी न सांगता एकत्र येतात, गोळे, दंड, पिशव्या, पटलं बनवतात. डीएनएतले बेस आपला जोडीदार ओळखतात: अ‍ॅडेनिन थायमिनला, ग्वानिन सायटोसिनला. मग दोन्ही गुण एकाच रेणूत आणले, तर जमणारी रचना आपला आकार स्वतः ठरवेल आणि समोरच्याचा क्रमही वाचेल. कल्पना इतकी देखणी आहे की तिच्या मोहात पडून अनेक निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावले. या क्षेत्राचा आढावा घेताना म्हणूनच एक प्रश्न सतत विचारावा लागतो: या जुळणीत नेतृत्व कोणाचं, शेपटीचं की डोक्याचं?

शेपटीचं गणित बरंच स्पष्ट आहे. मेदाच्या साखळीभोवती पाण्याच्या रेणूंना आपली बंधांची जाळी अडचणीत मांडावी लागते. साखळ्या एकमेकींना चिकटल्या की पाण्याची ती अडचण सुटते. साखळ्यांना एकमेकींची ओढ असते यापेक्षा पाण्याला त्या नकोशा असतात, असं म्हणणं जास्त बरोबर. कोणता आकार बनेल याचा एक सोपा आडाखा जेकब इस्राएलाश्विली, जॉन मिचेल आणि बॅरी निनहॅम यांनी १९७६ मध्ये दिला. शेपटीचं आकारमान घ्यायचं आणि त्याला डोक्याने व्यापलेलं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी, यांनी भागायचं. उत्तर एकतृतीयांशाच्या खाली आलं तर मिसेल, म्हणजे शेपट्या आत आणि डोकी बाहेर असलेला गोळा, एकतृतीयांश ते अर्धा यांच्या दरम्यान दंडगोल, त्यापुढे एकपर्यंत पिशव्या आणि सपाट पटलं, एकच्या वर गेलं तर उलटी रचना, म्हणजे डोकी आत आणि शेपट्या बाहेर. न्यूक्लिओलिपिडांनाही हा आडाखा लागू पडतो. लहान साखळ्यांचे मिसेल बनवतात, लांब दुहेरी साखळ्यांचे पिशव्या बनवतात. इथवर बेसची गरजच पडत नाही, त्याच्या जागी कोणतंही तेवढंच मोठं डोकं चाललं असतं.

डोक्याची गोष्ट अवघड आहे. पाठ्यपुस्तकात अ‍ॅडेनिन आणि थायमिन यांच्यामध्ये दोन ठिपक्यांच्या रेषा काढलेल्या असतात, ग्वानिन आणि सायटोसिन यांच्यात तीन. त्या रेषा म्हणजे हायड्रोजन बंध. वाचणाऱ्याचा समज होतो की हे बेस कुठेही भेटले तरी हातात हात घालतील. प्रत्यक्षात सुटे बेस पाण्यात टाकले तर ते असं काही करत नाहीत. एक लिटर पाण्यात पाण्याचे सुमारे ५५ मोल असतात, आणि त्यातला प्रत्येक रेणू हायड्रोजन बंध द्यायला आणि घ्यायला तयार असतो. थायमिनची वाट पाहणाऱ्या अ‍ॅडेनिनला चारही बाजूंनी पाणी आधीच गाठतं. १९६० च्या दशकात पॉल त्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सुटे न्यूक्लिओसाइड, म्हणजे शर्करा जोडलेले बेस, पाण्यात एकत्र येतात खरे, पण एकमेकांवर सपाट रचले जाऊन. शेजारी शेजारी जोडी लावून नव्हे. त्याच सुमारास अलेक्झांडर रिच यांच्या गटाने तेच बेस क्लोरोफॉर्ममध्ये टाकले आणि तिथे जोड्या लख्ख दिसल्या. क्लोरोफॉर्ममध्ये अ‍ॅडेनिन-युरॅसिल जोडीचा बंधन स्थिरांक, म्हणजे जोडी किती घट्ट लागते त्याचं माप, शंभराच्या घरात जातो आणि ग्वानिन-सायटोसिनचा त्याच्या कैक पट.

म्हणजे शेपटीला जमायला पाणी हवं आणि डोक्याला जोडी लावायला पाणी नको. सगळा विषय या पेचाभोवती फिरतो.

पेचातून वाट निघते ती सीमेवर, जिथे पाणी संपतं आणि मेद सुरू होतो. तिथे बेस अर्धवट पाण्याबाहेर असतो, शिवाय शेजारी रांगेत धरून ठेवलेले असतात. सीमेमुळे किती फरक पडतो याचं सर्वांत बोलकं मोजमाप जपानमध्ये तोयोकी कुनिताके यांच्या गटाने १९९६ मध्ये केलं. त्यांची जोडी बेसची नव्हती, ग्वानिडिनियम आणि फॉस्फेट यांची होती, पण मुद्दा तोच. पाण्यात मोकळे असताना या दोघांचा बंधन स्थिरांक जेमतेम १.४. मिसेलच्या किंवा पटलाच्या पृष्ठभागावर शंभर ते दहा हजार. हवा आणि पाणी यांच्या सीमेवर पसरलेल्या एका रेणूच्या जाडीच्या थरात दहा लाख ते एक कोटी. रेणू बदलले नाहीत, बंध बदलला नाही, फक्त जागा बदलली. कुनिताके यांनी १९७७ मध्ये पूर्णपणे कृत्रिम रेणूंपासून पहिलं दुहेरी पटल बनवून दाखवलं होतं, त्यामुळे पटल बनवायला निसर्गाचेच मेद लागतात हा समज तेव्हाच मोडला होता. १९९६ च्या मोजमापाने पटलाच्या काठाशी वेगळं रसायनशास्त्र चालतं हे आकड्यांत आलं.

हे प्रयोग होतात कसे ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुराव्याचं बळ आणि त्यातली भोकं दोन्ही तिथेच दिसतात. टेफ्लॉनचं एक उथळ ताट अगदी काठोकाठ पाण्याने भरायचं. न्यूक्लिओलिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून बारीक सुईने पाण्यावर थेंब थेंब सोडायचा. थेंब पसरतो, क्लोरोफॉर्म उडून जातो, रेणू पृष्ठभागावर उरतात: डोकी पाण्यात, शेपट्या हवेत. आता ताटावरच्या आडव्या पट्ट्या अगदी सावकाश जवळ आणायच्या. पाण्यात लोंबणारी प्लॅटिनमची किंवा कागदाची चिमुकली पट्टी पृष्ठताण किती उतरला ते सांगत राहते. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २० अंशांना मीटरला ७२.८ मिलिन्यूटन असतो आणि पाण्यात साबणाचा अंश राहिला असला तर तो आधीच घसरलेला दिसतो, म्हणून ताट घासण्यात निम्मा दिवस जातो. रेणू दाटत जातात तसा पृष्ठताण उतरतो, म्हणजेच थराचा दाब चढतो, आणि क्षेत्रफळाविरुद्ध दाबाचा वक्र मिळतो. मग हेच सगळं पुन्हा करायचं, पण पाण्यात जोडीदार बेस विरघळवून. थायमिनच्या थराखाली अ‍ॅडेनोसिन असलं आणि वक्र सरकला, तर ओळख पटली असं म्हणतात. माइन्झमध्ये हेल्मुट रिंग्सडॉर्फ आणि ओस्नाब्रुकचे फ्रँक झीला, हेल्मुट रोझेमायर यांनी १९९० च्या सुमारास न्यूक्लिओलिपिडांवर या प्रकारचं बरंच काम केलं.

वक्र सरकतो हे खरं. पण तो जोडी लागल्यामुळेच सरकला हे त्यावरून कळत नाही. अ‍ॅडेनोसिन चपटं आणि काहीसं जलद्वेषी असतं, ते नुसतं थरात घुसूनही जागा व्यापू शकतं. म्हणून जोडीदार नसलेला बेस घालून तुलना करणं अत्यावश्यक ठरतं, आणि वर्णपटातून बंधाची थेट खूण मिळाल्याशिवाय दावा करू नये. जुन्या शोधनिबंधांत ही पथ्यं नेहमी पाळलेली दिसत नाहीत. याबाबत मला जेम्स नोविक यांचं कॅलिफोर्नियातलं १९९३ चं काम आदर्श वाटतं. त्यांनी साध्या साबणाच्या मिसेलमध्ये अ‍ॅडेनिन आणि थायमिनचे रेणू बसवले आणि दाखवलं की तिथे जोडी लागते, पण त्यासाठी दोन्ही रेणूंना मिसेलमध्ये ओढून ठेवणारा जलद्वेषी भाग लागतो. शेपटीचं श्रेय शेपटीला आणि बंधाचं बंधाला, असा हिशेब त्यांनी वेगवेगळा मांडला.

आणखी एक अडचण भूमितीची आहे, आणि तिच्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. डीएनएत एकावर एक रचलेल्या बेसमध्ये ०.३४ नॅनोमीटर अंतर असतं, आणि बेसना तेच मानवतं. दोन शेपट्यांचा मेदरेणू मात्र द्रवरूप पटलात सुमारे ०.७ चौरस नॅनोमीटर जागा घेतो, म्हणजे शेजाऱ्यांच्या मध्यांत साधारण ०.८ नॅनोमीटर अंतर पडतं. बेसना एकमेकांवर बसायचं असेल तर त्यांना कलावं लागतं, नाहीतर पटलाला मोडून जास्त वळणदार आकार घ्यावा लागतो. शेपटी एक माप मागते आणि डोकं दुसरं. या ओढाताणीतूनच न्यूक्लिओलिपिडांच्या रचनांत लांबट, वळणाऱ्या, सावकाश बदलत जाणाऱ्या आकृत्या इतक्या दिसतात, असं मानायला जागा आहे.

त्या वळणदार आकृत्यांनी सुरुवातीला खळबळ माजवली होती. १९८९ मध्ये हिरोशी यानागावा आणि सहकाऱ्यांनी फॉस्फोलिपिडला न्यूक्लिओसाइड जोडून बनवलेले रेणू पाण्यात सोडले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पीळ घातलेले धागे दिसले. डीएनएचे घटक आणि डीएनएसारखा पीळ! चित्र पाहणाऱ्याला आणखी काय हवं? पण १९८० च्या दशकातच बेसचा लवलेश नसलेल्या मेदरेणूंनीही पिळाचे पट्टे आणि नळ्या बनवलेल्या होत्या. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत पॉल येगर आणि पॉल शोन यांनी, जपानात कुनिताके यांच्याच गटाने त्या पाहिल्या होत्या. रेणू उजवा-डावा असा भेद असलेला असेल तर तो शेजाऱ्याशी किंचित तिरका बसतो, आणि तो तिरकेपणा साठत साठत पीळ पडतो. ग्लिसेरॉल आणि शर्करा दोन्हींत असा भेद असतोच. तेव्हा पीळ दिसला म्हणून बेसची जोडी लागली, हा निष्कर्ष टिकत नाही. यानागावांचे धागे खरे होते, पण त्यांवरून डीएनएपर्यंत जाणं घाईचं होतं.

संयमाने हा प्रश्न लावून धरला तो फ्लॉरेन्समधल्या पिएरो बाल्योनी आणि देबोरा बेर्ती यांनी. (हेच बाल्योनी चुन्याचे नॅनोकण वापरून जुनी भित्तिचित्रं वाचवण्यासाठी कलाजगतात ओळखले जातात. पृष्ठभागाचं रसायनशास्त्र जाणणाऱ्याला दोन्ही कामं सारखीच.) त्यांनी फॉस्फॅटिडिल अ‍ॅडेनोसिन आणि फॉस्फॅटिडिल युरिडिन ही जोडी निवडली, दोघांच्या शेपट्या हुबेहूब सारख्या ठेवल्या आणि शेपटीची लांबी टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. न्यूट्रॉनांचं विकिरण मोजलं की आत काय आकार आहे ते नमुना न वाळवता कळतं, हा त्यांचा मोठा फायदा. लहान शेपटीच्या रेणूंचे मिसेल बनले. शेपटी थोडी वाढवल्यावर अ‍ॅडेनोसिनच्या रेणूंनी प्रचंड लांब, लवचीक, बहुवारिकासारखे मिसेल दिले. दोन्ही मिसळल्यावर जे गुणधर्म मिळाले ते नुसत्या सरासरीने येणारे नव्हते. म्हणजे डोकी एकमेकांना काहीतरी सांगत होती. पण सांगणं मुख्यतः एकमेकांवर रचून बसण्याच्या भाषेत होतं, हायड्रोजन बंधाचा वाटा त्याच्या मागोमाग. शेपटी सारखी असूनही अ‍ॅडेनिनचे आणि युरॅसिलचे मिसेल वेगळे निघतात याचं कारणही हेच: अ‍ॅडेनिनला दोन कडी असतात, ते जास्त चांगलं रचलं जातं. माझ्या मते या विषयातला सर्वांत भरवशाचा निष्कर्ष हाच आहे. नेतृत्व शेपटीचं, बेस त्यात दुरुस्त्या सुचवतो, आणि त्या दुरुस्त्यांत रचण्याचा आवाज जोडीच्या आवाजापेक्षा मोठा असतो.

त्सुकुबात तोशिमी शिमिझू आणि रीका इवाउरा यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी साखळीच्या दोन्ही टोकांना बेस बसवले. २००१ मध्ये अशा रेणूंपासून सूक्ष्म तंतू मिळाले, आणि २००३ मध्ये त्यांनी थायमिनधारी रेणूंना सोबतीला अ‍ॅडेनिनची छोटी साखळी दिली. मग थायमिनचे सुटे रेणू त्या साखळीवर ओळीने बसले आणि कडेला दुहेरी पिळाची मांडणी असलेला तंतू तयार झाला. इथे मात्र जोडी लागल्याचा पुरावा पटतो, आणि ती का लागली तेही समजतं. साखळीतला एक बेस चिकटला की शेजारचा जागेवर येतो, एकाचा दुबळा बंध दुसऱ्याला बळ देतो. सुट्या बेसला हे भाग्य मिळत नाही. पुढच्या काळात हाच धडा उलट्या बाजूने गिरवला गेला. स्टॅनफर्डमध्ये स्टीव्हन बॉक्सर आणि स्वीडनमध्ये फ्रेडरिक हूक यांनी डीएनएच्या आखूड धाग्यांना मेदाचा नांगर लावून ते मेदपिशव्यांवर रोवले. जुळणारे धागे असलेल्या पिशव्या एकमेकींना शोधून चिकटल्या, आणि धागे योग्य दिशेने बसवले असतील तर एकमेकींत मिसळल्याही. न जुळणारे धागे असतील तर हे घडत नाही.

ग्वानिनला या सगळ्या हिशेबातून वगळावं लागतं. त्याला जोडीदाराची गरजच नसते. चार ग्वानिन चौकोनात बसतात, मध्ये पोटॅशियमचा आयन ठेवतात आणि असे चौकोन एकावर एक रचतात. ग्वानिलिक आम्लाचं द्रावण घट्ट होतं हे इवार बांग यांनी १९१० मध्येच नोंदवलं होतं, आणि त्यामागचा चौकोन १९६२ मध्ये मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी उलगडला. बोलोन्यात जान पिएरो स्पादा यांनी आणि मेरीलँडमध्ये जेफ्री डेव्हिस यांनी मेदविद्राव्य ग्वानोसिन बनवून हा खेळ तेलकट द्रावणात नेला. पोटॅशियम असलं तर चौकोन, नसलं तर लांब पट्ट्या.

उपयोगाकडे वळायचं तर, बोर्दोमध्ये फिलिप बार्थेलेमी यांनी अनेक वर्षं या रेणूंवर घालवली आहेत. शर्करा, न्यूक्लिओसाइड आणि मेद अशा तिहेरी रेणूंपासून त्यांनी पाणी धरून ठेवणारे जेल बनवले. सुईतून ढकलताना पातळ होणारे आणि आत गेल्यावर पुन्हा घट्ट होणारे जेल ऊतींच्या दुरुस्तीसाठी उपयोगी पडतील अशी अपेक्षा आहे.

औषधांत मात्र अपेक्षेच्या पुढे मजल गेलेली आहे. इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. कोविडच्या एमआरएनए लशींत मेदाचे नॅनोकण असतात हे आता सर्वांना माहीत आहे, पण त्या मेदांवर बेस नसतो. ते एमआरएनएला विद्युतभाराने धरतात. बेस असलेल्या मेदाने, म्हणजे विद्युतभाराऐवजी हायड्रोजन बंध आणि रचणं यांच्या जोरावर, न्यूक्लिक आम्ल पेशीत न्यावं असा प्रयत्न बीजिंगमध्ये झेनजुन यांग यांनी सायटिडिनधारी मेद वापरून केला आहे. भार नसलेला मेद पेशीला कमी त्रासदायक ठरतो, हे त्यातलं आकर्षण.

पॅरिसजवळ पात्रिक कुव्हरर यांनी २००६ मध्ये जेमसिटाबिन या कर्करोगविरोधी औषधाला स्क्वालिन जोडलं. जेमसिटाबिन हा सायटिडिनचाच बदललेला भाऊ. स्क्वालिन म्हणजे तीस कार्बनचं तेल. ते पहिल्यांदा १९०६ मध्ये शार्कच्या यकृतात जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना सापडलं. कोकणात ज्याला मुशी म्हणतात तो मासा याच कुळातला. जोडलेला रेणू पाण्यात टाकला की शंभरेक नॅनोमीटरचे कण आपोआप बनतात, आणि आत उलटी षटकोनी रचना असते, १९७६ च्या आडाख्याने सांगितलेली. जवळपास निम्मा कण औषधाचाच, वेगळ्या वाहनाची गरज नाही. २०१४ मध्ये याच पद्धतीने अ‍ॅडेनोसिनला स्क्वालिन जोडून उंदरांत मेंदूच्या झटक्यावर परिणाम दाखवला गेला. मग २०१७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आलेल्या निष्कर्षाने चित्र गुंतागुंतीचं केलं. रक्तात गेल्यावर स्क्वालिन जोडलेलं जेमसिटाबिन कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एलडीएल कणांवर जाऊन बसतं. म्हणजे बाटलीत इतक्या कौतुकाने जुळवलेली रचना शरीरात शरीराचीच मेदवाहतूक ताब्यात घेते. काहींना ही निराशा वाटली. मला ती बातमी चांगली वाटते, कारण कर्करोगाच्या अनेक पेशी एलडीएल हावरटपणे ओढून घेतात.

बाजारात पोहोचलेली दोन औषधं याहून साधी आहेत. सिडोफोव्हिर हे प्रागमधल्या अँटोनिन होली यांच्या कामातून आलेलं विषाणुविरोधी औषध. ते शिरेतून द्यावं लागतं आणि मूत्रपिंडाला बाधतं. सॅन डिएगोत कार्ल होस्टेटलर यांनी त्याला सोळा कार्बनची शेपटी जोडली. शरीर त्याला ओळखीचा मेद समजून आतड्यातून आत घेतं आणि मूत्रपिंडात ते साचत नाही. ब्रिनसिडोफोव्हिर या नावाने त्याला अमेरिकेत जून २०२१ मध्ये देवी रोगावर मान्यता मिळाली. देवी जगातून १९८० मध्येच हद्दपार झाल्या, तेव्हा हे औषध मुख्यतः घातपाताच्या भीतीने साठवून ठेवायचं. दुसरं इमेटेलस्टॅट, जून २०२४ मध्ये मान्य झालेलं, रक्तपेशी नीट न बनण्याच्या एका आजारावर. तेरा बेसची आखूड साखळी आणि टोकाला पामिटिक आम्लाची शेपटी. साखळी टेलोमरेज या विकरातल्या आरएनएवर जाऊन अचूक बसते, शेपटी तिला पेशीत शिरायला मदत करते. जुळणारी जोडी इथे खरंच काम करते, पण तेरा बेस एका ओळीत असल्यामुळे. आणि स्वयंजुळणी? ती या दोन्हीपैकी कोणत्याच औषधाचा मुख्य आधार नाही. न्यूक्लिओलिपिडांनी औषधाच्या दुकानापर्यंत मजल मारली ती शेपटीच्या वाहतुकीवर.

उरला सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा प्रश्न: जीवसृष्टीच्या आरंभी मेद आणि आरएनए भेटले कसे? १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केतून डेव्हिड डीमर यांनी पिशव्या बनवणारी मेदासारखी द्रव्यं काढली आणि १९८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. म्हणजे पटलाचा कच्चा माल जीवाआधीही होता. २००८ मध्ये डीमर यांच्या सांताक्रूझमधल्या प्रयोगशाळेत सुधा राजमणी यांनी सुटे न्यूक्लिओटाइड, म्हणजे फॉस्फेट जोडलेले न्यूक्लिओसाइड, मेदासोबत आम्लयुक्त पाण्यात घालून तापवले, वाळवले, पुन्हा भिजवले, असं वारंवार केलं. वाळताना मेदाचे थर एकावर एक बसतात, न्यूक्लिओटाइड त्यांच्यामध्ये अडकून दाटीने रांगेत येतात आणि जोडले जातात. २५ ते १०० घटकांच्या आरएनएसारख्या साखळ्या बनल्याचं त्यांनी नोंदवलं. राजमणी नंतर पुण्यात आयसरला आल्या आणि तिथे आपल्याच निष्कर्षाची कठोर तपासणी केली. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की या आम्ली, उष्ण चक्रांत साखळी बनते तसे बेस गळूनही पडतात. शर्करा-फॉस्फेटचा कणा उरतो, पण अक्षरं निघून गेलेली असतात. आधीचा गाजलेला शोध आपणच अपुरा ठरवायला धैर्य लागतं. मग त्यांनी विचारलं, सुरुवातीचं अक्षर आजच्यापेक्षा वेगळं असू शकेल का? बार्बिट्युरिक आम्ल शर्करेला जोडून बनवलेला न्यूक्लिओटाइड त्यांनी २०१६ मध्ये मांडला, तो या चक्रांत जास्त टिकतो. त्याच गटाने लडाखमधल्या गरम झऱ्यांचं पाणी आणून त्यात मेदाच्या पिशव्या टिकतात का तेही तपासलं.

वॉशिंग्टन विद्यापीठात रॉय ब्लॅक आणि सारा केलर यांचं २०१३ चं काम याला पूरक आहे. डेकॅनॉइक आम्लाच्या पिशव्या खारट पाण्यात एकमेकींना चिकटून गाळ बनतात. न्यूक्लिक आम्लांतले बेस या पिशव्यांना जाऊन चिकटतात आणि त्यांना मिठापासून काही अंशी वाचवतात. पटल बेसना गोळा करतं, बेस पटलाला सावरतात. हे सगळं पक्का बंध नसलेलं, येता-जाता होणारं चिकटणं आहे. अनेकांनी एक पायरी पुढे टाकून सुचवलं की आरंभीच्या काळात बेस आणि मेद एकाच रेणूत जोडलेले असावेत, आणि पटलावर रांगेत बसलेल्या त्या डोक्यांनीच पहिला साचा दिला असावा. मला ही पायरी अजून कच्ची वाटते. साच्यासाठी शेजाऱ्यांचा क्रम टिकायला हवा. द्रवरूप पटलात मेदरेणू शेजाऱ्यांशी सेकंदाला लाखो वेळा जागा बदलतात. त्यावर कोणताही क्रम लिहिला तरी तो वाचायच्या आत विस्कटलेला असेल. क्रम टिकवायचा तर पटल गोठलेलं हवं किंवा डोकी एकमेकांना पक्की बांधलेली हवीत. न्यूक्लिओटाइड वाळलेल्या थरांत असताना नेमकं हेच साधतं, म्हणून भिजण्या-वाळण्याच्या चक्रांवरचे पुण्यातले प्रयोग मला पाण्यातल्या सुट्या न्यूक्लिओलिपिडांपेक्षा या प्रश्नाच्या जास्त जवळचे वाटतात. तिथे बेस गळतात ही अडचण अजून सुटलेली नाही.